ताट एकच, पोटं दोन: रिपोर्टातल्या ३४ मार्कांचं काय करायचं?

पत्र असं आलंय, थोडं छोटं करून देते:

"काकू नमस्कार. मी २७ वर्षांची, मानेवाडा रोडला राहते, आयटी पार्कमध्ये जॉब. दोन वर्षांआधी संडासातून रक्त पडायला लागलं, सगळे मूळव्याध मूळव्याध म्हणत राहिले, शेवटी कोलोनोस्कोपी झाली आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस निघालं, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा. मेसालामिन सुरू झालं, दीड वर्ष एकदम छान होते. मागच्या महिन्यात जाहिरात पाहून घरबसल्या पोटातल्या जंतूंची टेस्ट केली, ११,००० रुपये. दोघांवर डिस्काउंट होता म्हणून लहान बहिणीचीही केली. तिला ७८ मार्क, मला ३४, लाल रंगात 'डायव्हर्सिटी पुअर', म्हणजे जंतूंचे प्रकार कमी. कंपनीची डाएटिशियन म्हणाली मूळ कारण जंतूच आहेत, गोळ्या फक्त वरवर दाबतात, सहा महिने आमची पावडर आणि कॅप्सूल घ्या, महिन्याला ४,५००. मी १६ दिवसांपासून मेसालामिन बंद केलंय. चार दिवसांपासून थोडं रक्त आणि आव दिसून राहिली. आम्ही दोघी एकाच घरात, एकाच ताटात जेवून वाढलो, मग माझंच पोट असं काऊन? मला ११व्या वर्षी टायफॉइड झाला होता, खूप अँटिबायोटिक झाले, त्यानं झालं का? बहीण म्हणते माझं 'चांगलं' पोट तू घे, यूट्यूबवर लोक घरीच करतात. आई म्हणते सावजी खाऊन झालं. आणि घरचे स्थळं पाहून राहिले, सांगायचं की नाही?"

बेटा, बाकीचं नंतर वाच, आधी फोन उचल आणि तुझ्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना लाव. आजच. आणि त्यांना खरं खरं सांग की १६ दिवस गोळ्या बंद होत्या, लाजू नको, ते रागावतील दोन मिनिटं आणि मग कामाला लागतील, त्यांच्याकडे असे रोज येतात. लपवलं तर ते समजतील की गोळी चालू असतानाही आजार उसळला, आणि मग जास्त जड औषधाकडे वळतील, म्हणजे तुझ्या खोट्याची किंमत तुझ्याच आतड्याला. बहुतेक ते आधी संडासची तपासणी सांगतील, कारण कोलायटिसच्या पेशंटला साधं इन्फेक्शन झालं तरी दिसायला अगदी फ्लेअरसारखंच, म्हणजे आजार परत उसळल्यासारखंच दिसतं. आणि दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास, सोबत ताप किंवा नाडी ९० च्या वर, असं झालं तर फोन-बिन नाही, सरळ दवाखान्यात जायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. पोट दुखतं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी आणून खाऊ नको, त्यानं फ्लेअर भडकू शकतो.

केला फोन? बरं. आता बसून बोलू.

मी डॉक्टर नाही हे वाचकांना माहीत आहे, मी २८ वर्षं पोरांना मायक्रोबायोलॉजी शिकवली. पण हा आजार आमच्या घरात आहे, माझ्या धाकट्या दिराला क्रोन्स आहे, तुझ्या कोलायटिसचाच भाऊबंद, आतड्याच्या सुजेचा आजार, आणि त्याचं निदान व्हायच्या आधी सहा महिने टीबीच्या गोळ्या झाल्या, कारण आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स हे दोघं इतके सारखे दिसतात की भले भले डॉक्टर फसतात. तर जंतू हा विषय माझा, आणि संडासच्या बाहेर उभं राहून "झालं का भाऊजी" विचारणं हाही अनुभव माझा.

तुझा खरा प्रश्न मला तो बहिणीचा वाटला. ताट एकच, मग पोट वेगळं काऊन?

तर बघ, आपल्या पोटात किती जंतू असतात याचा एक नीट हिशोब २०१६ साली लागला, सत्तर किलोच्या माणसात साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया, आणि त्याच माणसाच्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी. म्हणजे संख्येनं ते आपल्याहून थोडे जास्तच, वजन मात्र पाव किलोच्या आत, कारण लय बारीक असतात बिचारे. पूर्वी आम्ही वर्गात "जंतू दसपट" असं शिकवायचो, मीही शिकवलंय, ते चुकीचं निघालं, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी हे वाचलं तर वहीत दुरुस्त करून घ्या. आता ही एवढी वस्ती कोणाच्या पोटात कशी बसते ते नुसत्या ताटावर ठरत नाही. जन्म कसा झाला, अंगावर किती दिवस पाजलं, पहिल्या दोन-तीन वर्षांत कोणते आजार झाले, कोणती औषधं गेली, अन्न आतड्यातून किती वेगानं पुढे सरकतं, आणि कोण आधी येऊन जागा धरून बसला, या सगळ्याचा त्यात हात असतो. एकाच रूपाच्या जुळ्या भावंडांचेही जंतू सारखे नसतात. आणि त्यांच्यातल्या एकाला अल्सरेटिव्ह कोलायटिस झाला तरी बहुतेक वेळा दुसऱ्याला होत नाही, जीन्स तंतोतंत तीच असूनसुद्धा. मग तुम्ही तर साध्या बहिणी.

टायफॉइडच्या अँटिबायोटिकचं विचारलंस, तर यावर स्वीडनमध्ये २०२० साली एक मोठं काम झालं, जवळपास २४,००० नवीन आयबीडीचे (कोलायटिस आणि क्रोन्स अशा आतड्याच्या सुजेच्या आजारांचं एकत्र नाव) पेशंट घेतले आणि त्यांनी आधीच्या वर्षांत किती अँटिबायोटिक घेतले ते पाहिलं. बाहेरच्या लोकांशी तुलना केली तेव्हा अँटिबायोटिक जास्त घेतलेल्यांमध्ये आजार बराच जास्त दिसला. पण मग त्यांनी हुशारी केली, पेशंटच्याच सख्ख्या भावंडांशी तुलना केली, आणि तो संबंध चांगलाच ढिला पडला, पूर्ण गेला नाही पण ढिला पडला. म्हणजे काही भाग घराचा, जीन्सचा, राहणीचा होता आणि आपण सगळं बिल अँटिबायोटिकच्या नावावर फाडत होतो. तुझ्या टायफॉइडनं काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही, पण त्याच्यामुळेच झालं असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो काहीतरी विकून राहिला आहे एवढं समज. आणि टायफॉइडला अँटिबायोटिक दिला नसता तर आज हे पत्र लिहायला तू असतीस की नाही तेही सांगता येत नाही, म्हणून आईबाबांना त्याचा दोष देऊ नको.

आता मुख्य. आयबीडीच्या लोकांच्या पोटात जंतू वेगळे असतात का? असतात. हे खोटं नाही, कंपनीनं इथपर्यंत खरंच सांगितलं. सर्वसाधारणपणे प्रकार कमी होतात, आणि कोणते कमी होतात ते महत्त्वाचं. फीकॅलिबॅक्टेरियम प्राऊस्नित्झी नावाचा एक आहे, नाव घेता घेता जीभ वळते, निरोगी मोठ्या माणसाच्या आतड्यात तो भरपूर असतो, आणि तो तंतुमय अन्न आंबवून ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतो. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशींचं मुख्य जेवण म्हणजे हे ब्युटिरेट. २००८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांना दिसलं की क्रोन्सच्या ज्या पेशंटच्या आतड्यात ऑपरेशनच्या वेळी हा कमी होता त्यांचा आजार सहा महिन्यांत परत डोकं वर काढायची शक्यता जास्त. उलट ई. कोलायच्या घराण्यातले जंतू आयबीडीत वाढलेले दिसतात.

पण वाढले म्हणून आजार झाला, की आजार झाला म्हणून वाढले? इथं सगळी गंमत आहे आणि इथंच तुला फसवलं.

आपल्या नागपूरचा अंबाझरी तलाव आठव. मधे पूर्ण जलपर्णीनं झाकला होता, पाणी दिसेना, लांबून पाहिलं तर वाटे क्रिकेटचं मैदान आहे. मशीन लावून काढली, परत आली. काढली, परत आली. कारण जलपर्णी हा तलावाचा मूळ आजार नव्हताच, मागून सांडपाणी येत होतं आणि जलपर्णीला ते म्हणजे रोजचं पंगतीचं जेवण. आता कोणी म्हटलं की तलावात माशांच्या प्रजाती कमी झाल्या, "डायव्हर्सिटी पुअर", तर आपण दहा जातीचे मासे विकत आणून सोडू, तर काय होईल? मरतील. पाणीच तसं नाही राहिलं. पण याची दुसरी बाजूही आहे, जलपर्णी एकदा माजली की ती स्वतः ऊन अडवते, पाण्यातला ऑक्सिजन उतरतो, आणि तलाव अजून बिघडतो. म्हणजे ती परिणामही आहे आणि कारणही.

आतड्यात असंच आहे, फक्त ऑक्सिजनचा खेळ उलटा. निरोगी मोठ्या आतड्याच्या आत जवळजवळ ऑक्सिजन नसतोच, अस्तराच्या पेशी ब्युटिरेट जाळताना तो वापरून टाकतात, आणि म्हणूनच आपले ते प्राऊस्नित्झी महाराज तिथं राहू शकतात, त्यांना ऑक्सिजन म्हणजे विष. सूज आली, अस्तर फाटलं, रक्त आलं, की ऑक्सिजन आत झिरपतो. वरून सूज आलेल्या जागी आपलं शरीर जी रसायनं सोडतं त्यातून नायट्रेट तयार होतं, आणि ई. कोलाय त्या नायट्रेटवर श्वास घेऊ शकतो, हे उंदरांमध्ये २०१३ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे सूज हेच त्याचं सांडपाणी. तो वाढतो, ब्युटिरेटवाले मरतात, अस्तर उपाशी राहतं, अजून सूज येते, अजून तोच वाढतो. असं चाक फिरत राहतं.

तरी जंतूंचा काहीच हात नाही असं कोणी म्हणू नये म्हणून तेही सांगते. उंदरांची एक जात असते जिच्यात सूज आवरणारा आयएल-१० नावाचा निरोप्याच नसतो, त्यांना मोठ्या आतड्याला आपोआप सूज येते. पण हेच उंदीर जन्मापासून पूर्ण निर्जंतुक पेटीत वाढवले तर येत नाही. १९९८ चं काम आहे हे. पेटीतून काढून साधे जंतू दिले की आठवड्याभरातच सूज हजर. साधे जंतू बरं का, कोणते खास रोगाचे नाही. म्हणजे जंतू लागतात, पण आधी शरीराची त्यांच्याशी भांडायची खोड पण लागते. तुझ्या बहिणीच्या पोटात तुझेच जंतू असते तरी तिला काही झालं नसतं कदाचित.

म्हणून तुझ्या त्या डाएटिशियनचं "गोळ्या फक्त वरवर दाबतात" हे वाक्य मला फार लागलं. वरवर काय! मेसालामिन सूज उतरवतं, म्हणजे सांडपाण्याचा नाला बंद करतं. नाला बंद झाला तरच तलाव सुधारायची आशा. तू नाला उघडलास आणि मासे विकत घेतलेस, बाप्पा.

आता ते ३४ मार्क. तू दीड वर्ष छान होतीस म्हणालीस आणि टेस्ट मागच्या महिन्यात केलीस, म्हणजे एका दिवसाच्या संडासची एक डबी. समज मी तुझ्या ऑफिसात एका मंगळवारी दुपारी साडेतीनला येऊन फोटो काढला आणि त्यावरून सांगितलं की तुझ्या कंपनीत कोणी कामच करत नाही, सगळे कॅन्टीनला असतात. तसं आहे ते. २०१९ मध्ये अमेरिकेत १३२ लोकांना पूर्ण वर्षभर धरून ठेवलं, क्रोन्सवाले, अल्सरेटिव्ह कोलायटिसवाले आणि ज्यांना आयबीडी नाही असेही, आणि दर दोन आठवड्यांनी नमुने घेतले. त्यात काय दिसलं, तर आयबीडीवाल्यांचे जंतू नुसते वेगळे नसतात, ते हलतात जास्त, कधी निरोगी माणसासारखे दिसतात, कधी एकदम भरकटतात, परत येतात. आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये हा गोंधळ क्रोन्सपेक्षा कमी दिसला. दोन वर्षं आधी स्वीडनच्या पेशंटवर झालेल्या कामातही हेच, निरोगी लोक आपापल्या जागी थोडेफार डुलतात आणि पेशंट दूर जाऊन जाऊन येतात. मग सांग, तुझी ती एक डबी कोणत्या दिवसाची होती? भरकटलेल्या की घरी आलेल्या? कंपनीला माहीत नाही, तुला नाही, मला तर नाहीच.

अजून एक. बेल्जियममध्ये ५३ निरोगी बायकांवर पाहिलं तर संडास जितकी पातळ तितके जंतूंचे प्रकार कमी मोजले गेले. निरोगी बायका, कोणताच आजार नाही! म्हणजे टेस्टच्या आदल्या रात्री तू बर्डीला पाणीपुरी खाऊन सकाळी पोट मोकळं झालेलं असेल आणि बहिणीला दोन दिवसांपासून साफ झालेलं नसेल, तर तेवढ्यावरही मार्कांत फरक पडला असता. ७८ मार्कवाल्या तुझ्या बहिणीला बद्धकोष्ठ आहे का गं, विचारून पाहा सहज.

शिवाय ही तुलना कोणाशी? यांचे "निरोगी" नमुने जास्त करून बाहेरच्या देशांतल्या लोकांचे. २०१९ मध्ये भोपाळच्या संशोधकांनी भोपाळ आणि केरळ इथल्या मिळून ११० निरोगी माणसांचे जंतू पाहिले, भोपाळकडच्या लोकांत प्रीव्होटेला नावाचा गट भरलेला, केरळवाल्यांचं चित्र वेगळं. देश एकच. आता भोपाळ म्हणजे आपलं शेजार, आपलंही खाणं पोळी-भाकर-डाळीचंच, मग नागपूरच्या पोरीच्या पोटाला अमेरिकेच्या माणसाच्या फूटपट्टीनं मोजून "पुअर" म्हणणं म्हणजे काय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, २०१४ मध्ये क्रोन्सच्या ४४७ नवीन पेशंटवर, म्हणजे औषध सुरू व्हायच्या आधीच्या लहान मुलांवर, काम झालं त्यात आजाराची खूण आतड्याच्या अस्तराच्या तुकड्यात नीट दिसली, संडासच्या नमुन्यात तेवढी नाही. तू पाठवला तो संडासचा नमुना.

तुझ्याकडे खर्च करायला पैसे आहेतच तर डॉक्टरांना विचारून फीकल कॅलप्रोटेक्टिन कर. तीही संडासचीच टेस्ट, पण ती जंतू मोजत नाही, सूज मोजते. ५० च्या आत असलं तर बहुतेक शांत, २५० च्या वर गेलं तर आत भडका आहे असं धरतात, मधलं असलं तर परत पाहतात. त्या आकड्यावर डॉक्टर औषधाचा निर्णय घेऊ शकतात. ३४ मार्कांवर कोणताच शहाणा डॉक्टर काही ठरवणार नाही. दिराची फाइल माझ्याकडेच असते, त्यात कॅलप्रोटेक्टिनचे आकडे मी पेन्सिलनं वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवते, घरातल्या दुधाच्या हिशोबाशेजारी, आणि खरं सांगते त्या एका पानावरून मला त्याचं मागचं वर्ष कसं गेलं ते कळतं.

"डायव्हर्सिटी जास्त म्हणजे चांगलं" हेही इतकं सरळ नाही बरं. क्रोन्सच्या लहान मुलांना सहा-आठ आठवडे नुसतं दुधासारखं तयार औषधी अन्न देतात, बाकी सगळं बंद, आणि पुष्कळ मुलांची सूज उतरते, स्टेरॉइडशिवाय. आणि त्या काळात त्यांच्या पोटातले जंतूंचे प्रकार वाढतात का? कमी होतात! आजार बरा होऊन राहिला आणि मार्क उतरून राहिले. तुझ्या कंपनीनं त्या पोराला लाल रंगात रिपोर्ट दिला असता.

पावडर-कॅप्सूलचं थोडक्यात सांगते. प्रोबायोटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक गोष्टींचा कोलायटिसमध्ये भक्कम पुरावा नाही. एक अपवाद मला शिक्षक म्हणून फार आवडतो. पहिल्या महायुद्धात जर्मनीत अल्फ्रेड निस्ले नावाच्या डॉक्टरला एक सैनिक दिसला, आजूबाजूचे सगळे जुलाबानं आडवे आणि हा ठणठणीत, तर १९१७ मध्ये त्याच्या संडासातून त्यानं एक ई. कोलाय वेगळा काढला. तोच ई. कोलाय घराण्यातला, पण हा सज्जन. पुढे २००४ मध्ये १२ महिन्यांच्या चाचणीत अल्सरेटिव्ह कोलायटिस शांत ठेवायला तो मेसालामिनच्या बरोबरीचा ठरला. बरोबरीचा, वरचढ नाही. आणि तुझ्या कॅप्सूलचा जो फोटो पाठवलास त्यात तो नाहीच आहे, मी भिंग लावून वाचलं. दही-ताक खायचं असेल आणि सोसत असेल तर खुशाल खा, औषध म्हणून नको, ताक म्हणून खा.

आता बहिणीचं 'चांगलं पोट'. पोरीचं मन मोठं आहे, तिला माझ्याकडून शाबासकी सांग, आणि मिक्सर लपवून ठेव.

हसू नको, हे मी गंभीरपणे सांगून राहिली आहे. निरोगी माणसाची विष्ठा पेशंटच्या आतड्यात सोडणं हा खरा उपचार आहे, त्याच्या नीट चाचण्या झाल्यात. कॅनडात २०१५ मध्ये ७५ जणांवर केलं, ज्यांना खरी दिली त्यातले २४ टक्के शांत झाले, ज्यांना नुसतं पाणी दिलं त्यातले ५ टक्के. आणि त्यातली मजा बघ, खऱ्यानं बरे झालेले नऊ जण, त्यातल्या सात जणांना एकाच दात्याची मिळाली होती. एकच माणूस! इतर दातेही निरोगीच होते, तपासून घेतलेले होते, पण त्यांच्यानं तेवढं झालं नाही. त्या एकात असं काय होतं हे आधी कोणी ओळखू शकलं नसतं. आपल्याकडे लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजमध्येही यावर बरंच काम झालंय. पण सगळीकडे दात्याला ढीगभर टेस्ट करून मगच घेतात. आणि तपासणी करूनही चूक होते, २०१९ मध्ये अमेरिकेत दोन पेशंटना दिलेल्या विष्ठेत औषधांना न जुमानणारा ई. कोलाय होता, त्यासाठी दाता तपासलाच नव्हता, दोघंही गंभीर आजारी पडले आणि एक गेला. ते दवाखान्यात झालं. तू बाथरूममध्ये करणार, आधीच रक्त पडून राहिलेल्या आतड्यात, बहिणीच्या ७८ मार्कांच्या भरवशावर. ते मार्क तपासणी नव्हे, त्यात असे जंतू शोधतच नाहीत.

सावजीबद्दल आईला सांग की तिखटानं कोलायटिस होत नाही, तसं असतं तर निम्मं महाल आणि पूर्ण इतवारी ऍडमिट असती. पण फ्लेअर चालू असताना तिखट तर्री, कच्ची कोशिंबीर, जवसाची चटणी असलं काही सोसत नाही, आत्ता सोसणार नाही तुला, तेव्हा काही दिवस वरण-भात, मऊ खिचडी, दुधी, पिकलं केळं. शांत झालं की हळूहळू भाकर, डाळी, आंबाडीची भाजी, संत्री सगळं परत आण, कारण ब्युटिरेटवाल्यांचा शिधा हाच आहे आणि भीतीनं जन्मभर खिचडीवर राहिलीस तर तेच उपाशी मरतील. माझ्या दिरानं हे केलं होतं, तीन वर्षं दही-भात, शेवटी रक्त कमी झालं आणि चिडचिड इतकी की घरात कोणी बोलेना त्याच्याशी. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला जातो तेव्हा जुलाब आणि ऊन दोन्ही मिळून माणसाला किती लवकर लोळवतात ते तुला सांगायला नको, ओआरएसची पाकिटं ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवच.

स्थळांचं. सांगायचं. पहिल्या कांदेपोह्याला नाही, पण साखरपुड्याच्या आधी, आणि मुलालाच, मावशी-आत्याच्या तोंडून नाही. आईला वाटतं लपवता येईल, पण रोजची गोळी, वर्षा-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी आणि प्रवासाला निघताना आधी संडास कुठे आहे ते पाहणं, हे सासरी चार दिवसांत दिसतं. लोक मुलाबाळांचं विचारतील, तर आजार शांत असताना दिवस राहिले तर बहुतेक बाळंतपणं नीट पार पडतात, मेसालामिन त्या काळात साधारणपणे चालू ठेवतात, आणि आईला असलं तरी बहुतेक मुलांना हा आजार होत नाही. मुलाला घेऊन एकदा तुझ्या डॉक्टरांकडे जा, जो यायला तयार होईल त्याच्याबद्दल तुला तिथंच बरंच काही कळेल, वेटिंगमध्ये तासभर बसल्यावर तर जास्तच.

डॉक्टरांनी काय सांगितलं आणि कॅलप्रोटेक्टिन किती आलं ते मला कळव. आणि ते ४,५०० महिन्याला खात्यातून आपोआप कटणारे असतील, आज रात्रीच बँकेच्या ऍपमध्ये जाऊन ते बंद कर, हे लोक फोन केला की "मॅडम अजून एक महिना तर पाहा" म्हणत बसतात.